रस्त्याला टेकवलेला हात

रस्ता ओलांडायच्या आधी हिरी रोज खाली बसायची.

डोक्यावर गवताचा भारा असला तरी बसायची. मान ताठ ठेवून, गुडघे हळूहळू मोडत, अगदी डांबराच्या कडेला. मग उजव्या हाताचा तळवा रस्त्यावर टेकवायचा, कपाळाला लावायचा, आणि उठून चालू लागायचं. सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना. मधे काही आणायला जावं लागलं तर परत एकदा. पावसाळ्यात डांबरावरून पाण्याचा लोट वाहत असला तर ती हात त्या पाण्यातून खाली घालायची, रस्ता हाताला लागेपर्यंत.

मंगल लग्न होऊन लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या वरच्या वाडीत आली, तेव्हा तिला सासूच्या या सवयीची लाज वाटायची. सुट्टीच्या दिवशी नागफणीच्या सुळक्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ असायची. काचा खाली करून पोरंपोरी बघायची, कुणी फोटो काढायचं. एकदा न राहवून तिनं विचारलं, "आत्या, रस्त्याच्या काय पाया पडता?"

"रस्त्याच्या कोन पडतंय?" हिरी म्हणाली. "खाली वाघोबा हाय."

पूर्वी तिथं पायवाट होती, आणि पायवाटेच्या तोंडाशी वाघोबाचा शेंदूर फासलेला धोंडा. रानात शिरताना त्याला हात लावायचा, आपण आल्याचं सांगायचं, मग पुढं जायचं, अशी वाडीची रीत. रस्ता रुंद करताना धोंडा डांबराखाली गेला. वाडीनं वर आंब्याखाली दुसरा धोंडा मांडला, त्याला शेंदूर लावला, आणि सगळे त्याला हात लावू लागले. हिरीला ते पटलं नाही. देव काय बसायचा पाट हाय का, हितनं उचलून तितं मांडायला? ती खालच्यालाच हात लावत राहिली.

पुढं पुढं मंगलला त्यातलं आणखी एक कळलं. बसलेल्या माणसाला एकदम पळता येत नाही. तो बसतो, हात टेकवतो, कपाळाला लावतो, तेवढ्यात जे जायचं ते समोरून निघून जातं. शिवाय तळव्याला समजतं. एका दुपारी हिरीनं तिचा हात धरून आपल्या हाताखाली रस्त्यावर दाबला होता. आधी काहीच नव्हतं. मग डांबराच्या आत कुठंतरी बारीक थरथर आली, मांजराच्या पोटावर हात ठेवल्यासारखी. बऱ्याच वेळानं वळणावरून खडीचा डंपर आला.

"कानाच्या आदी हाताला कळतं," हिरी म्हणाली.

मंगलची लाज त्या दिवशी गेली. सवय मात्र तिला लागली नाही. सासू सोबत असली की ती बसायची, एकटी असली की दोन्हीकडं बघून पटकन पार व्हायची.

तिचा सासरा नवशा तर कधीच बसला नाही. हिरी बसली की तो पलीकडं जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. "झाली का गं पूजा? परसाद दी," म्हणायचा. एका धुक्याच्या दुपारी तो डोक्यावर भारा घेऊन रस्त्यात उतरला आणि एका गाडीनं त्याला उडवलं. गाडी थांबली नाही. कुणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. भाऱ्यातलं गवत वळणापर्यंत पसरलं होतं आणि मागून येणाऱ्या गाड्या त्यावरून जात होत्या. माणूस कडेला चरात पडला होता, तो कुणाला दिसला नाही. वाडीतल्यांना दिसला तेव्हा दिवस कलला होता.

मार मरण्यासारखा नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. उशीर झाला.

हिरीनं एवढंच धरून ठेवलं. धडक दिली म्हणून तिनं त्या माणसाला कधी शिव्या दिल्या नाहीत. धुकं होतं, रस्ता निसरडा होता, होतं माणसाच्या हातून. "पर थांबायचं तरी," ती म्हणायची. जात्यावर बसल्यासारखी तेच तेच म्हणायची. "नुसतं थांबला असता." चुरडलेल्या ओल्या गवताचा वास बरेच दिवस त्या वळणावर रेंगाळत होता. पुढं पाऊस संपून उन्हाळा आला तरी मंगलला तो कधी कधी यायचा, आणि ती पावलं उचलायची.

*

गोरख वाडीत आला तो ज्येष्ठातल्या एका सकाळी, छत्री मिटून पाणी झाडत. तो औंढ्याचा. लोणावळा स्टेशनबाहेर त्याची टॅक्सी वर्षानुवर्षं उभी असायची. भुशी, कार्ला, लोहगड, जिथं म्हणाल तिथं. आता त्यानं एका कंपनीत नोकरी धरली होती. आत बसायचं आणि हात मांडीवर ठेवायचे. गाडी आपली आपण चालते. काही गडबड झाली तरच ब्रेक मारायचा.

"जनमभर गाडी चालवायचं पैसं घेतलं," तो म्हणाला, "आता न चालवायचं घेतो."

औंढ्याच्या पुढं डोंगराच्या पोटाला बंगल्यांची एक मोठी स्कीम निघाली होती. रस्ते झाले, फूटपाथ झाले, कोपऱ्याकोपऱ्यावर दिव्याचे खांब उभे राहिले, आणि मग कोर्टकज्जात सगळं अडकलं. बंगला एकही झाला नाही. गल्ल्यांना फुलांची नावं होती, पाट्याही लागल्या होत्या, पण पाटीच्या मागं नुसतं गवत आणि धुकं. कंपनीनं ते रस्ते भाड्यानं घेतले होते. त्यांना हेच हवं होतं. मोकळे रस्ते, धुकं आणि न थांबणारा पाऊस.

"मावशी, काम हाय," गोरख म्हणाला. "भारा घेऊन रस्त्यानं चालायचं."

"ते तर मी रोज फुकट करते."

"गाडीपुढनं चालायचं."

हिरीनं चुलीत फुंकर मारता मारता मान वर केली. "मंजी मरायचं?"

"न्हाई वो मरत! गाडी थांबती. बिनडायवरची टॅक्सी हाय. तिला मानूस कळतं, कुत्रं कळतं, सायकल कळती. पन भारा घेतलेली बाई आली की तिचं डोकं फिरतं. तिला वाटतं नुसतं गवत चाललंय."

"माज्या सासूलाबी तसंच वाटायचं," हिरी म्हणाली.

गोरख हसला, मंगल हसली. हिरी हसली नाही. ती चुलीकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "थांबती म्हनलास?"

"थांबती."

"दर बारीला?"

"त्येच तर बघायचं हाय."

लखन, मंगलचा नवरा, नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं होता आणि रविवारचाच घरी यायचा. त्याला विचारायची वाट कुणी बघितली नाही. सासू जाणार म्हणून मंगल निघाली. तिला कंपनीनं पाण्याचा हंडा घेऊन चालायचं काम दिलं.

तिथं त्यांना अनघा भेटली. तळेगावात वाढलेली, इंजिनिअर झालेली, पिवळ्या रेनकोटातली तरुण मुलगी. तिच्यामागं ती गाडी उभी होती. पांढरी, छपरावर काळं भांडं बसवल्यासारखं काहीतरी गरगर फिरत असलेलं. हिरी गाडीला एक प्रदक्षिणा घालून आली. काचेतून आत वाकून बघितलं. मग अनघापुढं उभी राहिली.

"ही दारू पिती का?"

अनघा हसली. मग तिला दिसलं की हा विनोद नाही. "नाही मावशी."

"डुलकी लागती?"

"नाही."

"फोनवर बोलती चालता चालता?"

"नाही. तिला दुसरं कामच नाही. नुसतं बघत राहते, चहूबाजूंनी."

"आन मानूस पडलं तर? थांबती का पळून जाती?"

अनघानं गाडीकडं बघितलं. "थांबते," ती म्हणाली. "पळून जाणं तिला शिकवलेलंच नाही."

हिरीनं मान हलवली. "मंग लय झालं."

"मावशी, सगळेच डायवर तसले नसत्यात हां," गोरख मधे पडला. "येवडी वर्सं घाटात गाडी मारली, कुत्र्यालाबी धक्का लागला न्हाई. आन डायवर समोर बसलेला असला की त्येच्या तोंडावरनं कळतं, त्यानं आपल्याला बघितलंय का न्हाई. हिच्या कशावरनं कळनार?"

"तुला कुटं काय म्हनले मी?" हिरी म्हणाली. "पर त्या दिशी तू नव्हतास ना रं भाऊ. ज्यो होता त्यानं बघितलं का, ते कुनाला इचारू?"

गोरख जाऊन आपल्या जागेवर बसला.

पहिल्याच फेरीला हिरी डोक्यावर भारा घेऊन रस्त्याच्या कडेला आली, आणि सवयीनं खाली बसून हात टेकवला. गाडी लांबच थांबली. अनघा धावत आली.

"मावशी, बसायचं नाही. बसलेल्या माणसाची चाचणी वेगळी, ती नंतर घेऊ. आणि गाडीकडे बघायचंही नाही. तुम्ही बघून थबकलात की ती थबकते, मग कुणामुळे कोण थांबलं ते आम्हाला कळत नाही. रस्ता तुमचाच आहे असं चाला."

"रस्ता माजा?"

"हो. तुमचाच."

हिरी उभी राहिली. कडेला पाय घट्ट रोवून कितीतरी वेळ उभी राहिली. मंगल हंडा खाली ठेवून पुढं सरकली होती; वाईट काही झालं तर आपण काय करणार आहोत हे तिला माहीत नव्हतं. मग सासूनं समोर नजर लावली आणि रस्त्यात पाऊल टाकलं. धुक्यातून ती गाडी आली. तिला आवाज नव्हता. आतलं यंत्र विजेवरचं, टायरांचा तेवढा ओला सपसप नाद. तळव्यालासुद्धा कळली नसती इतकी ती हलक्या पायांची होती. हिरी रस्त्याच्या मधोमध पोचली आणि गाडी थांबली. एखाद्या शहाण्या बैलानं दावणीशी येऊन थांबावं, तशी.

पुढं जायचं सोडून हिरी तिथंच वळली. वायपर हलत होते. आत गोरख मांडीवर हात ठेवून बसला होता, त्यानं ते वर उचलून दाखवले. मी काही केलं नाही.

"मावशी, चालत राहा," अनघानं हाक दिली.

हिरी चालत राहिली. पलीकडं जाऊन तिनं भारा उतरवला आणि पदरानं तोंड पुसलं. पाऊस पडत होता, त्यामुळं नेमकं काय पुसलं ते मंगलला कळलं नाही.

*

हिरी गाडीला शहाणी म्हणू लागली. "आज शहाणी लय लांबनं थांबली." "आज तिचा मूड न्हाई, कचकन थांबली." वाडीत संध्याकाळी बायका जमल्या की ती सांगायची, "माज्यासाटी थांबती गं. कुनी आत न्हाई, कुनी सांगत न्हाई, तरी थांबती." बायका म्हणायच्या, "व्हय बाई, आता तू कलेक्टरीन." ती म्हणायची, "कलेक्टरीन कुटं भारा घेती?"

तिची चाल बदलली. मंगलला ते सगळ्यांआधी दिसलं, कारण ती वर्षानुवर्षं या चालीच्या मागून चालत आली होती. हिरी नेहमी रस्त्याच्या कडेनं, मातीतून चालायची. मागून हॉर्न आला की आणखी खाली, चरात उतरायची, चिखल असो की काटे. आता ती डांबरावरून चालू लागली. पाठ सरळ झाली. भारा डोक्यावर असला तरी हात मोकळे सोडायची. एकदा गुडघा दुखत होता तेव्हा तिनं अनघाला विचारलं, "आज हळू चालू का?" अनघा म्हणाली, "कशाही चाला मावशी, तिला घाई नसते." हे वाक्य हिरीनं रविवारी लखन घरी आल्यावर त्याला सांगितलं. जेवताना परत सांगितलं. तिला घाई नसती.

मंगलला मात्र तिथं करमत नसे. हंडा घेऊन रस्त्यात पाऊल टाकलं की ती पावलं मोजायला लागायची. गाडी दर वेळी थांबायची, तिच्याविषयी तक्रार नव्हती. पण घरं नसलेल्या त्या गल्ल्या, दिवे नसलेले खांब, धुक्यात आपल्याला निरखणारं, चेहरा नसलेलं काहीतरी. रस्ता ओलांडून झाला तरी आपल्यातलं कुणीतरी मागं, रस्त्यातच उभं राहिलंय असं वाटायचं. ती मागं वळून बघायची. कुणी नसायचं.

एका संध्याकाळी कंपनीच्या जीपनं त्यांना रोजच्यासारखं वळणावर, आक्काबाईच्या मक्याच्या टपरीपाशी सोडलं. वाडी पलीकडच्या अंगाला. मंगल चप्पल सारखी करत होती. मान वर केली तर सासू रस्त्याच्या मधे. बसली नव्हती. बघितलं नव्हतं. नुसती चालली होती, समोर नजर लावून, रस्ता आपलाच असल्यासारखी. एक मोटारसायकल तिला चुकवायला कडेच्या खडीत गेली, डगमगली, सावरली. पोरगा शिव्या देत गेला. हिरी त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. घरी आलेल्या पाहुण्यानं रामराम न करता आत यावं, तसं तिला वाटलेलं दिसलं.

"बघितलंस का? थांबला न्हाई."

"आत्या, तुमी हात लावला न्हाई."

हिरीनं आपला तळवा उघडून बघितला. "इसरलंच बाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला.

दुसऱ्या दिवशी ती आठवणीनं बसली. नंतर परत विसरली. मंगल तिचा पदर धरून ठेवू लागली. त्यावरून दोघींचं वाजलं.

"ती गाडी शहाणी हाय आत्या. हितल्या न्हाईत."

"मला सांगतीस? नवरा गेलाय माजा हितं."

"मंग?"

"मला ठावं हाय गं. पायास्नी ठावं न्हाई." हिरी वळचणीखाली बसून पायाला गोडेतेल चोळत होती. जरा वेळानं म्हणाली, "जनमभर थांबले. मुकादम आला थांबले, रेशनाला थांबले, गाडी आली थांबले. आता पाय म्हनत्यात, घटकाभर त्यांनीबी थांबावं की. पायाला काय सांगू?"

सासू ताठ चालते याचा मंगलला आनंदच व्हायचा, आणि तिला भीती वाटायची तीही त्याचीच. तिनं धीर करून अनघाला गाठलं. म्हणाली, "ताई, हितं जे शिकिवता ते जाताना काढून घेता येत न्हाई का?"

अनघाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "गेटच्या आत त्यांना काही होऊ नये, याचा सगळा विचार केला होता," ती म्हणाली. "गेटच्या बाहेरचं आम्ही धरलंच नव्हतं." त्या दिवसापासून शेवटची फेरी हिरीनं बसून, हात लावून करायची असं तिनं ठरवलं. गोरख म्हणाला, "त्यापरीस आसं करू," आणि संध्याकाळची जीप तो स्वतः चालवू लागला. टपरीपाशी न थांबता पुढं जायचा, गावच्या देवळापाशी वळवून माघारी आणायचा आणि दोघींना वाडीच्या बाजूला उतरवायचा. रस्ता ओलांडायचं कामच ठेवलं नाही.

"तुजी गाडी चालवायची खाज काय जात न्हाई," हिरी त्याला म्हणायची.

"न्हाई जात मावशी. आता तेवडीच उरलीय."

मंगलला त्या दिवसांत झोप बरी लागू लागली.

*

श्रावणातला रविवार होता. काम बंद. लखन घरी होता, वरच्या अंगाला छपरावरचं प्लास्टिक नीट करत होता. मंगलनं चुलीवर भात ठेवला होता. खाली रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांचे हॉर्न सकाळपासून वाजत होते आणि धुकं अंगणापर्यंत आलं होतं. लखनला वरणभातावर लिंबू लागायचं. घरात नव्हतं. हिरी आक्काबाईच्या टपरीवरून आणायला निघाली.

मंगल चुलीपाशी होती. तिला आवाज आला तो ब्रेकचा. मग सगळे हॉर्न एकदम गप्प झाले.

गाडी एका साध्या माणसाची होती. शेजारी बायको, मागं लहान मुलगी. तो प्यायलेला नव्हता. फार जोरातही नव्हता, हे आक्काबाईनं स्वतः बघितलं होतं. तो थांबला. त्यानंच हिरीला उचललं, मागच्या सीटवर घातलं, लखनला आणि मंगलला घेतलं आणि लोणावळ्याच्या दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. पण मार डोक्याला होता, वेळेचा काही उपयोग नव्हता.

दवाखान्याच्या ओट्यावर तो माणूस भिजून बसला होता. मंगलला बघून उठला.

"मी बघितलं होतं त्यांना," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो ताई, लांबून बघितलं होतं. हॉर्न दिला. मला वाटलं, त्या थांबतील. सगळे थांबतात हो. रस्त्यावर सगळे थांबतात."

मंगलला त्याला काहीतरी बोलायचं होतं. सासऱ्याच्या वेळी वाडीनं त्या न दिसलेल्या माणसाला तळतळाट दिले होते. ते सोपं होतं. हा समोर उभा होता. बघणारा, थांबणारा. हिरीला आयुष्यभर हवा होता तसाच.

हिरीचा दहावा-तेरावा झाल्यावर अनघा आणि गोरख वाडीत आले. अनघानं रेनकोट काढून हातात धरला. मग म्हणाली, "मंगलताई, आमची गाडी एकदाही त्यांच्या अंगावर आली नाही. मी सगळं परत बघितलं. एकदाही नाही."

"ठावं हाय ताई," मंगल म्हणाली. "म्हनून तर."

अनघानं मान खाली घातली. निघताना गोरख मागं राहिला. छत्री उघडत, मिटत म्हणाला, "वैनी, सांगू का नको कळत न्हाई. शहाणी थांबती."

"कुटं?"

"मावशी जिथनं पार व्हायची तितं. रस्ता मोकळा आसतो. गवत न्हाई, कुत्रं न्हाई. मी डोळं फाडून बघतो. तरी थांबती."

"कितीक येळ?"

गोरखनं तिच्याकडं बघितलं नाही. "भारा घेतलेली बाई पार व्हायला लागतो तेवडा."

मंगल बघायला गेली. कुणाला सांगितलं नाही, सकाळी उठून औंढ्याला चालत गेली. कोपऱ्यावर, फुलाच्या नावाच्या पाटीखाली उभी राहिली. धुक्यातून ती पांढरी गाडी आली, हलक्या पायांची. रस्ता रिकामा होता. गाडी थांबली. वायपर हलत राहिले. मंगलनं रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हळूहळू नजर नेली, कुणाच्या तरी चालीनं. नजर पलीकडं पोचली आणि गाडी निघाली.

"धुक्यात असं होतं तिचं," मागून येत अनघा म्हणाली. तिचा स्वतःचाही आवाज पक्का नव्हता. "त्याच जागी इतक्या वेळा थांबलीय की… आम्ही ते दुरुस्त करतोय. मोकळ्या रस्त्यात असं थांबणं बरं नाही, मागून येणारा धडकू शकतो."

"राहू द्या थोडे दिस."

अनघानं अवघडून विचारलं, "तुम्ही परत याल का कामाला? आता बसून, हात लावूनच चालायचं. मी तसं करून घेतलंय."

मंगल रस्त्याकडं बघत होती. "न्हाई ताई," ती म्हणाली. "माजं पाय मला भाईर लागत्यात."

गोरखनं तिला जीपमधून सोडलं. टपरीवरून तो पुढं देवळाकडं निघाला तेव्हा तीच म्हणाली, "हितंच उतरवा भाऊ, टपरीपाशी." रस्त्यापासून कुठवर पळायचं? तो थांबला. ती उतरली. आक्काबाईनं टपरीतून हात केला, तिनं केला. सासू त्या दिवशी याच कडेला यायला निघाली होती, असं काहीतरी तिच्या मनात आलं. आणि मग तिला आपल्या चपलांचा आवाज ऐकू आला. डांबरावर.

ती रस्त्यात होती. समोर नजर लावून. कधी निघाली ते तिला माहीत नव्हतं.

"वैनी!" गोरख ओरडला.

ती मागं आली. कशी आली तेही कळलं नाही. ती कडेला खाली बसली, पाण्यातून हात घातला आणि तळवा रस्त्यावर दाबला. गार, खरखरीत. आधी काहीच नव्हतं. मग खोलवरून बारीक थरथर आली. मंगल हलली नाही. वळणावरून दुधाचा टेम्पो आला, तिच्या अंगावर पाणी उडवून गेला. मागं गवताचा वास राहिला, चुरडलेल्या, ओल्या गवताचा. तिनं हात उचलला नाही. असं वाटत होतं की हाताच्या खाली हात आहे. नाहीतर हाताच्या वर.

त्या रविवारी हिरी दारात उभी राहून प्लास्टिकची खोळ डोक्यावर ओढत होती. चुलीत लाकूड ओलं होतं, घरभर धूर झाला होता, आणि मंगल डोळे चोळत होती, त्यामुळं तिनं तिच्याकडं नीट बघितलंही नव्हतं. पाय उंबऱ्याबाहेर टाकता टाकता हिरी म्हणाली,

"भात बघ गं मंगल, खाली लागंल. मी आलेच लिंबू घिऊन."